निकालाच्या पुढच्या रविवारी न येणारी मुले : तरुण संघाने काय करावे?

दुसरा बाक (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो, शाळेत गणित शिकवतो आणि गेली नऊ वर्षे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचे काम पाहतो. संघात आठवीपासून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापर्यंतची साधारण तीस मुले-मुली आहेत. शनिवारी संध्याकाळी चर्चशेजारच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. गाणी, वचनावर थोडी चर्चा, प्रार्थना, कॅरम आणि शेवटी वडापाव असा कार्यक्रम असतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे छान चालले आहे असे वाटेल, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

आमच्याकडे दहावी-बारावीचा निकाल लागला की पुढच्या रविवारी उपासनेनंतर गुणवंतांचा सत्कार होतो. ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांची नावे टक्क्यांसह वाचली जातात, पाळकसाहेबांच्या हस्ते पेन आणि बायबलमधला नवा करार दिला जातो, महिला संघातर्फे पेढे वाटले जातात. राज्याची गुणवत्ता यादी बोर्डाने बंद करून कितीतरी वर्षे झाली. आमच्या मंडळीने मात्र ती चालू ठेवली आहे. तीन वर्षांपूर्वी त्या यादीत आमच्या संघातला एक मुलगा नव्हता. त्याला ५८ टक्के मिळाले होते. तो ढोलकी वाजवायचा, आणि खरे सांगायचे तर ताल न सोडता वाजवणारा आमच्याकडे तो एकटाच होता. त्या रविवारी तो आला नाही, त्यापुढच्या शनिवारीही आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तो दोन महिन्यांनी. (दोन महिने लागले, हे लिहिताना मला लाज वाटते.) त्याची आई म्हणाली, "सर, तो म्हणतो, तिथं पण टक्केच विचारतात."

शाळेत टक्के, क्लासमध्ये टक्के, लग्नाला गेले तर मामा-मावशा टक्के विचारणार, आणि जिथे हे कोणी विचारू नये अशी एकच जागा गावात होती, तिथे ते आम्ही माईकवरून वाचून दाखवत होतो. उपस्थिती कशी वाढवावी हा माझा प्रश्न नाही. ज्या मुलाला सगळीकडे मोजले जात आहे, त्याला आपल्यात आल्यावर मोकळे वाटावे, यासाठी संघाची घडण कशी असावी, हा आहे. वेगवेगळ्या मंडळ्यांतील अनुभव वाचायला आवडतील.

पेटीवाले आजोबा

चिरंजीव, तुमचे पत्र वाचून जुनी आठवण आली. माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत तरुणांच्या कामाला ख्रिश्चन एन्डेव्हर म्हणत, आणि आम्ही नुसते 'सी. ई.' म्हणायचो. ही चळवळ १८८१ मध्ये अमेरिकेत, मेन राज्यातील पोर्टलँड येथे फ्रान्सिस क्लार्क नावाच्या तरुण पाळकाने सुरू केली. आपल्या नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे, त्यामुळे तिकडची रीत इकडे पोहोचायला वेळ लागला नाही.

तिच्यातली एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. तिथे नुसता बसणारा सभासद नसे. प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या समितीत काम असायचे : कोणी प्रार्थनासभेची तयारी करी, कोणी आजाऱ्यांना भेटी देई, कोणी नवीन येणाऱ्यांकडे पाही. मी अकरा-बारा वर्षांचा असताना माझ्याकडे कंदिलांच्या काचा पुसण्याचे काम होते. मी आलो नाही तर सभा काळ्या काचांच्या उजेडात होई, आणि पुढच्या वेळी चारजण मला विचारत, "अरे, होतास कुठे?" त्या विचारण्यात रागावणे नसे, माझ्यावाचून अडले, एवढेच त्यात असे. तुमचा ढोलकीवाला गेला तेव्हा गाणी अडली असणार. मग त्याला तसे कोणी सांगितले का?

आमच्या वेळी मुलांना असला ताण नव्हता, हेही नमूद करतो. आता मुले जरा नाजूक झाली आहेत.

दुसरा बाक

आजोबा, नाही सांगितले. आम्ही दुसऱ्या मुलाला कहोन (बसून वाजवायचे खोक्यासारखे तालवाद्य) आणून दिले आणि गाणी चालू ठेवली.

बारावी झाली

दादा, आजोबा, मी १९ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापर्यंत एका मोठ्या शहरातील मंडळीच्या तरुण संघात होते. मुले नाजूक झाली आहेत हे मी पुष्कळ वेळा ऐकले आहे, म्हणून माझ्या बाजूने काय घडले ते सांगते.

अकरावीत असताना मला झोप लागेनाशी झाली. सकाळी सहाला नीटचा क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा टेस्ट, आणि रात्री छताकडे पाहत पडून राहायचे. हातांना कंप सुटायचा. घरी सांगायची हिंमत होईना, कारण क्लासची फी बाबांनी सोसायटीचे कर्ज काढून भरली होती. तेव्हा मी आमच्या संघाच्या ताईला सांगितले. तिने माझा हात धरून प्रार्थना केली, आणि मला खरोखरच हलके वाटले. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'प्रार्थनाविनंती' म्हणून माझे नाव आले : अमुक बहिणीला मानसिक त्रास आहे, तिच्यासाठी प्रार्थनेत स्मरण करावे. त्या ग्रुपमध्ये दोनशेहून जास्त माणसे होती, त्यांत माझी आत्या होती आणि माझ्या वर्गातील एका मुलाची आईही होती. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. रविवारी एका काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की विश्वास दृढ असला तर अशी भीती वाटत नाही.

ताईचा हेतू वाईट नव्हता, हे मला आज कळते. पण त्यानंतर मी कोणालाही काही सांगितले नाही. माझ्या बहिणीने मला डॉक्टरांकडे नेले तोपर्यंत आणखी पाच महिने गेले होते.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे जानेवारीअखेर 'परीक्षेमुळे' संघ बंद व्हायचा आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू व्हायचा. म्हणजे जेव्हा मला आठवड्यातून एक तास तरी कोणाबरोबर बसून हसावेसे वाटत होते, नेमके तेव्हा हॉलला कुलूप असे. हे कोणी ठरवले आणि का, हे मला आजपर्यंत समजले नाही.

विरार फास्ट

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे शब्द थोडे वेगळे असले तरी प्रश्न तोच आहे. बारावी झाली, तुमचा शेवटचा मुद्दा आमच्या धर्मग्रामालाही (म्हणजे पॅरिशला) तंतोतंत लागू पडतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि बोर्डाची परीक्षा बहुतेक वर्षी एकाच वेळी येतात. मोठी माणसे दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असतात आणि मुले घरात एकटी पुस्तकापुढे बसलेली असतात.

आमच्या मुलांचा ताण गाडीपासून सुरू होतो. नालासोपारा-विरारची मुले पहाटे उठून मुंबईच्या कॉलेजांना जातात, दारात लटकून येतात आणि घरी पोहोचल्यावर मिस्साला (चर्चमधील उपासनेला) आली नाहीत म्हणून बोलणी खातात. आम्ही चार वर्षांपूर्वी तरुणांना विचारले की तुम्हांला काय हवे आहे. त्यावर फादरांसह आम्हां सर्वांची अपेक्षा होती की मुले सहल, क्रीडास्पर्धा किंवा ध्वनियंत्रणा मागतील. मुलांनी मागितली ती दर रविवारच्या मिस्सानंतर एक तास वापरण्यासाठी खोली, जिच्यात मोठे कोणी येणार नाही, पण दार उघडे राहील. 'दार उघडे राहील' ही अट मुलींनी घातली होती.

विद्यार्थ्यांच्या आमच्या चळवळीत एक जुनी पद्धत आहे : पाहा, पारखा, कृती करा. ती बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूंनी कामगार तरुणांसाठी रूढ केली, आणि त्यांची तरुण कामगारांची संघटना १९२५ मधली. गिरणी-खाणींत राबणाऱ्या पोरांना त्यांनी आधी स्वतःच्याच दिवसाकडे पाहायला शिकवले. आम्ही ती पद्धत ताणाला लावली. मुलांनी आठवडाभर आपले वेळापत्रक लिहून काढले आणि मग एकमेकांचे वाचले. त्यात आढळले की एका मुलाला जेवायला बसून असा वेळच नव्हता. तो दोन्ही वेळा उभ्याने, रस्त्यावर खात होता. त्यावर कृती काय, तर पलीकडच्या आळीतील त्याच्या मित्राच्या आईने बुधवारी त्याला घरी जेवायला बोलावणे सुरू केले. कोणत्याही अहवालात ही गोष्ट येणार नाही, पण तो मुलगा अजून येतो.

समुपदेशिका_पुणे

या धाग्यावर बरेच काही नेमके लिहिले गेले आहे. मी किशोरवयीन मुलांबरोबर काम करते आणि स्वतः एका मंडळीची सभासद आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

आजोबा, आदर राखून सांगते, नाजूकपणाचा मुद्दा सोडून द्यावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले, आणि मोठ्या महानगरांत ते त्याच्या जवळपास दुप्पट होते. (ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुले त्याला अपवाद असतील असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.) तीस मुलांच्या संघात याचा अर्थ दोन मुले. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची, १,७६४ होती.

संघ काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याची रेघ स्पष्ट हवी. संघातली ताई ही समुपदेशक नसते आणि तिने तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. तिने करायचे काम म्हणजे लक्षात येणे. बोलके मूल गप्प झाले, खेळणारे मूल कोपऱ्यात बसू लागले, कोणी आपली आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली, अंगभर बाह्यांचे कपडे उन्हाळ्यातही घालू लागले, तर तिने एकांतात पण उघड्या जागी विचारावे. 'तुला जगू नये असे वाटते का?' असे सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने बहुतेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि पालकांना सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक हॉलच्या भिंतीवर, वचनांच्या तक्त्याशेजारी लावायला काय हरकत आहे?

गुप्ततेविषयी बारावी झाली यांनी लिहिले ते प्रत्येक संघाने वाचावे. मुलाची परवानगी नसेल तर प्रार्थनाविनंतीत नाव घालू नये, आणि परिस्थितीचे इतके वर्णनही देऊ नये की नाव न घालता ओळख पटेल. देवाला पत्ता माहीत असतो. मात्र 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. 'तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले, किंवा तुला कोणी इजा करत आहे असे कळले, तर मला सांगावे लागेल, पण ते तुला आधी सांगून करीन' असे म्हणावे. लैंगिक अत्याचाराबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारकच आहे, मग आरोप मंडळीतल्या कितीही मानाच्या माणसावर असो. मुलांची मदतवाहिनी १०९८ आहे. वसईच्या मुलींनी उघड्या दाराची अट घातली, त्या मुली शहाण्या आहेत.

दोन दाखले

एका ताणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

शाळेच्या दाखल्यावर माझे एक नाव आहे आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात दुसरे. हे का, ते आपल्यातल्या पुष्कळांना समजावून सांगावे लागणार नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले, म्हणून त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. या प्रश्नाची बरोबर-चूक इथे काढायची नाही. सांगायचे इतकेच की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर याचा जो भार पडतो, तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत दिसत नाही. दहावीत असताना नाताळच्या कॅरल फेरीचा फोटो संघाच्या पानावर टाकला गेला आणि त्यात माझे नाव जोडले गेले. आईने रात्री अकरा वाजता एका दादाला फोन करून तो काढायला लावला. मी त्या रात्री ठरवले की शाळेतल्या मित्रांना चर्चचे सांगायचे नाही आणि चर्चमधल्या मित्रांना शाळेचे.

मला त्यातून बाहेर काढले ते आमच्या संघातल्या एका मोठ्या मुलाने, आणि त्याने काही विशेष केले नाही. त्याने एकदा सहज सांगितले, "माझीपण दोन आहेत." तेवढे पुरेसे होते. ज्या संघात सगळ्यांची साक्ष विजयाची असते, तिथे हे वाक्य कोणी उच्चारत नाही. तेव्हा संघ चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की मुलांचे फोटो न विचारता कुठेही टाकू नयेत, आणि मोठ्या मुलांनी आपली अर्धवट राहिलेली, न सुटलेली गोष्टही कधीतरी लहानांसमोर सांगावी.

सरळ प्रश्न

मी ख्रिस्ती नाही, पण माझा मुलगा मित्राबरोबर अशा एका संघात जातो. तिथले वातावरण चांगले आहे हे मान्य. तरी विचारतो : ताणात असलेल्या मुलाला धर्माकडे वळवणे सोपे असते. याची काळजी तुम्ही कशी घेता?

दुसरा बाक

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि तो आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. आमच्याकडे इतर धर्मांची चार-पाच मुले येतात, बहुतेक कॅरमसाठी आणि गणितासाठी. त्यांच्या पालकांना मी स्वतः भेटलो आहे आणि त्यांची लेखी संमती घेतली आहे. प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसण्याची मोकळीक आहे, आणि बाहेर बसणाऱ्याला वडापाव मिळतोच. हळव्या क्षणी कोणालाही निर्णय घ्यायला लावणे मला गैर वाटते. ख्रिस्ती घरातल्या मुलालासुद्धा. शिबिराच्या शेवटच्या रात्री दिवे मंद करून, पेटीवर संथ सूर धरून, मुलांना रडवायचे आणि त्या रडण्याला परिवर्तन म्हणायचे, हे मी पूर्वी पाहिले आहे आणि एक-दोनदा केलेही आहे. सोमवारी ती मुले त्याच क्लासमध्ये, त्याच बाकावर असत.

पाळकांच्या घरातून

मी पाळकांची पत्नी. बावीस वर्षांत सात मंडळ्या पाहिल्या, म्हणजे सात स्वयंपाकघरे.

आपण मुलांना दावीद-गल्याथाची गोष्ट फार सांगतो, आणि ती ऐकून दमलेल्या मुलाला वाटते की आता आणखी एक राक्षस मारायचा राहिला. मी एलीया संदेष्ट्याची सांगते. तो थकून, घाबरून रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि आता माझा प्राण घे असे देवाला म्हणाला. त्यावर देवदूताने त्याला काय उपदेश केला? काहीच नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. तो जेवला, झोपला. देवदूताने पुन्हा उठवले आणि पुन्हा खायला घातले. बोलणे पुष्कळ नंतर झाले.

आमच्या मागील मंडळीत बरीच मुले वस्तीवरची होती आणि आईबाप ऊसतोडीला गेलेले असत. परीक्षेच्या काळात आम्ही हॉलमध्ये अभ्यासिका सुरू केली, कारण घरी वीज जायची आणि धाकट्या भावंडांचा गोंधळ असायचा. महिला संघाच्या बायका आळीपाळीने रात्री नऊ वाजता पिठले-भाकरी आणत. नियम एकच होता, वाढणाऱ्या बाईने अभ्यासाचे विचारायचे नाही. पहिल्या आठवड्यात तो नियम पाळणे बायकांना जड गेले, मलाही गेले. मग हळूहळू मुलेच बोलू लागली. एक मुलगी रोज भांडी घासायला थांबायची. घासता घासता, माझ्याकडे पाठ करून, तिने आठ दिवसांत तिच्या घरातले सगळे सांगितले. समोरासमोर खुर्चीवर बसवले असते तर ती एक शब्द बोलली नसती.

पेटीवाले आजोबा

समुपदेशिकाताईंचे आणि त्या मुलीचे म्हणणे वाचले. नाजूक हा शब्द मी मागे घेतो. मला चौसष्ट साली मॅट्रिकला गणित राहिले होते, तेव्हा मी तीन दिवस विहिरीकडे जात-येत होतो, हे मी साठ वर्षांत कोणाला सांगितलेले नाही. ताण नव्हता असे नव्हे. सांगायला जागा नव्हती.

पेटी शिकायची असेल त्या मुलाला मी मंगळवारी संध्याकाळी शिकवीन. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने येतात, नवीन चालीही ऐकून बसवून देईन.

समुपदेशिका_पुणे

आजोबा, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. हेच एकदा मुलांसमोर सांगाल का? पेटी शिकवतानाही चालेल.

दुसरा बाक

सर्वांचा ऋणी आहे. धागा सुरू करून सात आठवडे झाले, म्हणून काय झाले ते कळवतो.

पंच कमिटीपुढे सत्काराचा विषय मांडला. दोन तास वाद झाला. एका ज्येष्ठ पंचांचे म्हणणे असे की गरिबीतून वर आलेल्या समाजाने आपल्या हुशार मुलांचे कौतुक करायचे नाही तर कोणी करायचे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांच्या पिढीत घरातला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा ही साऱ्या वाडीची गोष्ट असे. शेवटी ठरले ते असे : परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला पेन आणि नवा करार मिळेल, नावे वर्णानुक्रमाने वाचली जातील, टक्के वाचले जाणार नाहीत. पेढे राहतील. ज्येष्ठ पंचांनी विरोध नोंदवून घेतला आहे. संघ जानेवारी ते मार्च बंद राहणार नाही, अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी राहील आणि दर वेळी दोन मोठी माणसे हजर असतील. १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक भिंतीवर लागले आहेत. प्रार्थनाविनंतीचा नियम महिला संघाने आमच्याआधी मंजूर केला.

अभ्यासिकेसाठी हॉलमध्ये चार नवे दिवे आणि दोन पंखे बसवायचे होते. तो ढोलकीवाला मुलगा आता आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स करतो, म्हणून त्याला फोन केला आणि आजोबांनी सांगितले तसे सरळ सांगितले की तुझ्यावाचून अडले आहे, दिव्यांचेही आणि गाण्यांचेही. तो रविवारी दुपारी, हॉल रिकामा असताना आला. तीन तास काम केले, मजुरी घेतली नाही, चहा घेतला. संघात परत येशील का, हे मी विचारले नाही. जाताना त्याने कोपऱ्यातली ढोलकी उचलून थाप मारून पाहिली, दोऱ्या साफ सैल पडल्या आहेत आणि एका बाजूचे कातडे गेले आहे असे सांगितले, आणि तो गेला.

नगरमध्ये किंवा श्रीरामपुरात ढोलकी दुरुस्त करून देणारा चांगला कारागीर कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. शनिवारच्या आत झाली तर बरे.